मे महिन्यात माहेरी जाताना

शाळांना सुट्टी मे महिन्यात, लग्नाच्या तिथी मे महिन्यात आणि वऱ्हाडातलं ऊन सगळ्यांत कडक असतं तेही मे महिन्यातच. त्यामुळे वऱ्हाडात माहेर असलेल्या बाईच्या नशिबी थंडीतलं माहेरपण फारसं नसतं. माझं माहेर अकोट तालुक्यातलं. पुण्यात संसार थाटून बरीच वर्षं झाली, तरी मे उजाडला की महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढायची आणि निघायचं, हा क्रम मोडलेला नाही. ‘एवढ्या उन्हात तिकडे कशाला जाता?’ असं सोसायटीतल्या बायका दर वर्षी विचारतात. का जाते हे कुणाला समजावून सांगायची गरज मला वाटत नाही. कसं जाते, ते मात्र सांगावंसं वाटतं. उन्हातला प्रवास ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकवणारी माणसं आमच्या भागात घरोघर होती.

आधी हे ऊन काय असतं ते सांगते. हवामान खात्याच्या हिशेबानं मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढा राहिला, की उष्णतेची लाट आली असं म्हणतात. ४५ गाठले, तर नेहमीचा आकडा काय होता हे बघायचंही कारण उरत नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हे आकडे सावलीतले असतात, वारा खेळता राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे. डांबरी रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभं राहणाऱ्याच्या वाट्याला येतं ते त्याहून कितीतरी जास्त. मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी आमच्या अगदी डोक्यावर येतो. झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते आणि विजेच्या खांबाला तर सावलीच उरत नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी बारा ते चार गल्ल्या ओस पडतात. गावानं संचारबंदी पाळावी तसं सगळं बंद असतं. फक्त कूलरची घरघर ऐकू येते.

आपल्या कातडीचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. बाहेरची हवा त्याहून गार असली की अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. त्रेचाळीस अंशांत सगळं उलटं होतं. हवाच अंगाला तापवायला लागते आणि शरीरापाशी एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण तो अंगावरच वाळायला हवा. निथळून खाली गळलेला घाम फुकट जातो, आणि अंगात पाणीच नसेल तर घाम येणार कुठून? माझ्या आईला यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. तरी तिनं प्रवासासाठी जे जे सांगितलं, ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

‘डोक्शाले बांध वं, ऊन लागन.’ घराच्या उंबरठ्यावर हे वाक्य ऐकल्याशिवाय मी कधी बाहेर पडले नाही. दुपट्टा बांधायची तिची एक पद्धत होती. पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती दुपट्टा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा. कपाळावरून, भुवयांच्या वरून घेऊन दोन्ही कान पूर्ण झाकायचे. मग मानेमागे तिढा देऊन एक टोक पुढे आणायचं, ते नाकातोंडावरून घेऊन कानाजवळ खोचायचं. डोळे तेवढे उघडे. ऊन कानातून लागतं, अशी तिची ठाम समजूत होती. कानाचं काही असो, मान, कान आणि डोकं ओल्या सुती कापडाखाली असलं की चेहऱ्यावर बसणारी झळ निम्म्यानं कमी होते, हा माझा अनुभव आहे. पुण्याहून पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. त्याला वाटतं उकडतंय, तर कपडे कमी करावेत. कोरड्या उन्हात अंग जितकं झाकाल तितकं बरं. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, पायघोळ सलवार, पायात मोजे. उघड्या दंडाला वारा लागतो खरा, पण तो वारा भट्टीवरून आलेला असतो.

खिशात कांदाही असायचा. आजी तो भावाच्या चड्डीच्या खिशात कोंबायची. खिशातल्या कांद्यानं ऊन अडत नाही हे आता मला माहीत आहे. पण कांदा ठेवायला थांबलेलं पोर डोकं बांधून घेतं, एक पेला ताक पिऊन निघतं, आणि दारापर्यंत आलेली आजी त्याच्या पायात चपला आहेत ना हेही बघून घेते. ती दोन मिनिटं महत्त्वाची असायची. म्हणून मी त्या कांद्याला कधी नावं ठेवत नाही.

महाराष्ट्र एक्सप्रेस रात्री पुणं सोडते आणि भुसावळ यायच्या आधीच उजाडतं. वेळेवर असली तर भुसावळच्या फलाटावर अजून सोसवेल अशी हवा असते. तासा-दोन तासांचा उशीर झाला, की जळगावपासूनच डब्याचे लोखंडी गज हाताला चटके देऊ लागतात. स्लीपरच्या डब्यातली जुनी माणसं तेव्हा जे करतात, ते नव्यांनी निमूट शिकून घ्यावं. खिडकीचं लोखंडी शटर खाली ओढायचं, बोटभर फट ठेवायची आणि त्या फटीवर ओला पंचा पसरायचा. गाडीच्या वेगानं आत येणारी हवा त्या पंच्यातून गाळून येते आणि समोरच्या बाकापर्यंत गारवा पोचतो. पंचा वाळला की पुन्हा ओला करायचा. घरच्या कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या जे काम करतात, तेच इथं एक पंचा करतो.

आमच्या लहानपणी प्रवासात फिरकीचा तांब्या असायचा. पितळी, वर पेचाचं झाकण, त्यावर पेला उलटा बसवलेला. वडील त्याला ओलं फडकं गुंडाळून खिडकीशी अडकवून ठेवत. ट्रकवाले कॅनव्हासची छागल पुढच्या बाजूला बाहेर टांगत. वाऱ्यानं तिचं ओलं कापड वाळायचं आणि आतलं पाणी गार राहायचं. मी आज स्टीलच्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवते आणि तो ओला ठेवते. फ्रीजसारखं नाही, पण घशाला बरं वाटेल एवढं गार पाणी अकोल्यापर्यंत मिळतं. आईला इन्सुलिन लागायला लागल्यावर तिच्याबरोबरच्या प्रवासात हाच उपाय कामी आला. इन्सुलिनची कुपी तापू द्यायची नसते आणि थेट बर्फावरही ठेवायची नसते. छोट्या प्लास्टिकच्या डबीत कुपी, डबीभोवती ओला नॅपकिन आणि ती पिशवी सावलीत, वारा लागेल अशा जागी. तासाभरानं नॅपकिन पुन्हा ओला. मधुमेहाची माणसं घरात असतील त्यांनी औषधवाल्याकडून याच तत्त्वावर चालणारी पिशवी मागून घ्यावी, हे आवर्जून सांगते. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मे महिन्यात त्या गोळ्या अंगातलं पाणी आणखी कमी करतात.

अकोल्याहून अकोटची एसटी धरताना मी डावी खिडकी बघते. गाडी उत्तरेला जाते, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. दुपारी परतताना तोंड दक्षिणेला असतं आणि ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच. दोन्ही वेळेला डावी बाजू सावलीची. हे मला एका कंडक्टरनं सांगितलं. मी उजवीकडे बसायला निघाले होते तर म्हणाला, ‘ताई, इकडं बसा, पोरगं झोपन तरी.’ त्यानंतर कुठल्याही गावाला जायचं असो, रस्ता कोणत्या दिशेला जातो ते मी आधी बघते.

याच रस्त्यावर पूर्णा नदी लागते. तिच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. तोंडात घेतलं तर तहान भागण्याऐवजी वाढते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ज्या मुलखात मे महिन्यात माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पाणी हवं, तिथं जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं नाही. पुढे वान धरणाचं पाणी नळानं कितीतरी गावांना आलं. त्याआधी बाया मैलोन्‌मैल जाऊन गोडं पाणी आणत. अशा भागात वाटसरूसाठी पाणपोई घालायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

आमच्या फाट्यावरची पाणपोई एक म्हातारी सांभाळायची. तुराट्यांचा मांडव, त्यावर निंबाचे डहाळे. खाली चार रांजण अर्धे वाळूत पुरलेले आणि ती वाळू कायम ओली. रांजणांच्या गळ्यापर्यंत ओलं बारदान गुंडाळलेलं. एका रांजणात वाळ्याची जुडी सोडलेली असायची; त्याचं पाणी ती लहान मुलांना द्यायची. हातात लांब दांड्याचं ओगराळं. बसमधून उतरून कुणी धावत आलं तर ती लगेच ओगराळं पुढे करत नसे. ‘बस. दम घे,’ म्हणायची. मग गुळाचा खडा हातावर ठेवायची आणि तो चघळून झाला की ओंजळीत वरून धार धरायची. माणसाचे डोळे मिटेपर्यंत, मान हलेपर्यंत ती धार थांबत नसे. कुणाला किती प्यायचं ते ती ओंजळीवरून ओळखायची. रात्री बैलगाडीवर टिपाड टाकून गोडं पाणी यायचं. ते कुठून यायचं आणि त्याचे पैसे कोण द्यायचं, हे लहानपणी विचारायचं सुचलं नाही. गाव द्यायचं, एवढंच नंतर कळलं.

अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला घडा दान करायची रीत महाराष्ट्रभर आहे. उन्हाळा ऐन भरात असतानाचं ते दान आहे, आणि त्याहून नेमकं दान त्या दिवसांत दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. गाडगेबाबा आमच्याच बाजूचे. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं गाव. त्यांनी पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. भुकेलेल्यांना अन्न आणि त्याच्या पाठोपाठ तहानलेल्यांना पाणी, असा त्यांच्या दशसूत्रीचा क्रम आहे. हा माणूस फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन या उन्हातून पायी फिरला होता. तहान म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता फाट्याफाट्यावर विकतची बाटली मिळते. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो दोन बाटल्या घेतो. ज्याच्याजवळ नाहीत तो पुढच्या गावापर्यंत तहान मारतो. उष्माघातानं कोण दगावतं याच्या बातम्या जरा नीट वाचा: शेतमजूर, हमाल, फेरीवाले, एकटे राहणारे म्हातारे. उन्हापासून बचाव ही पैसेवाल्यांना विकत घेता येणारी गोष्ट होत चालली आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

नुसतं पाणी लिटरवारी पिणंही बरोबर नाही. घामाबरोबर मीठ जातं. म्हणून आमच्याकडे ताकात मीठ-जिरं, पन्ह्यात सैंधव, आंबिलीत मीठ आणि लसूण. ज्वारीच्या पिठाची आंबील पिऊन शेतकरी दुपारपर्यंत राबतो. प्रवासात हे सगळं नेता येत नाही, तेव्हा ओआरएसची पुडी न्यावी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून लोकांना पाजलं, आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. आजच्या पुडीचा पाया तिथं पक्का झाला. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यात मिळणारी रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत, त्यांत साखरच फार. रसवंतीचा ऊसरस मला अतिशय आवडतो. मी तो बर्फाशिवाय पिते, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा असतो ते कुणाला माहीत नसतं.

हे सगळं कोरड्या उन्हाचं झालं. माझी नणंद चिपळूणला असते. तिच्याकडे मे महिन्यात चौतीस-पस्तीस अंश असतात आणि माझ्या माहेरच्या माणसांना तो आकडा ऐकून हसू येतं. तिथं गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती हैराण होतात. हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम वाळतच नाही. माठातलं पाणी बेताचंच गार होतं, कूलर लावला तर घर आणखी चिकट होतं. वऱ्हाडातला ओला दुपट्टा तिथं काही उपयोगाचा नाही. तिथं वारा हवा, पंखा हवा, पातळ कपडे हवेत, दिवसातून दोनदा अंघोळ हवी, आणि शहाळं, कोकमाचं सरबत, जेवणात सोलकढी. आकडा बघून दमट हवेला हलक्यात घेऊ नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी काहींचा उष्माघातानं जीव गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्याही खाली होता.

आणखी एक सांगते, लग्नाला जाणाऱ्या बायकांसाठी. दुपारच्या मुहूर्ताला पैठणी नेसून एसटीत बसू नका. सुती साडी नेसा, पैठणी पिशवीत घ्या आणि कार्यालयात जाऊन बदला. माझ्या चुलत बहिणींनी हे सुरू केलं, तेव्हा मोठ्या बायांनी नाकं मुरडली होती. आता त्याही तसंच करतात. आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी पहिले दोन-तीन दिवस दुपारी बाहेर पडूच नये. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गावातला भाऊ दोन वाजता शेतात जाऊन येतो म्हणून आपणही जायचं, असं करू नये.

एका वर्षी गाडीला बराच उशीर झाला आणि आम्हाला अकोल्याहून दुपारची एसटी धरावी लागली. माझ्या पुढच्या बाकावर धोतर नेसलेले एक बाबा बसले होते, डाव्या खिडकीशी, दुपारच्या उन्हाच्या बाजूला. अर्ध्या वाटेत ते कंडक्टरला आपल्या मुलाच्या नावानं हाका मारायला लागले. बैल सोड म्हणाले, मोट थांबव म्हणाले. लोकांना वाटलं, म्हातारपण. पण बसमध्ये एक आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या बाई, होत्या. त्यांनी बाबांच्या कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, ‘गाडी सावलीत घ्या, आत्ताच्या आत्ता.’ उन्हात माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागला तर तो उष्माघात समजायचा आणि एक मिनिटही वाया घालवायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

ड्रायव्हरनं निंबाखाली गाडी घातली. बाबांना खाली निजवलं, बंडीची बटणं सोडली. बसभर ज्याच्या त्याच्या बाटल्या पुढे आल्या. माझा दुपट्टा, कुणाचा शेला, कुणाचा टॉवेल भिजवून त्यांच्या मानेभोवती, काखेत, जांघेत ठेवला. बाकीचे वर्तमानपत्रानं वारा घालत होते. एका पोरानं त्यांच्या तोंडात पाणी ओतायला बाटली उचलली, तर आशाताईंनी त्याचा हात धरला: ‘शुद्धीत नाही तोवर पाजायचं नाही, श्वासनळीत जाईल.’ कुणी तापाची गोळी काढली, तीही त्यांनी परत ठेवायला लावली. या तापावर ती चालत नाही. कंडक्टरनं १०८ ला फोन लावला. अँब्युलन्स यायच्या आधी बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘माही थैली कुठी हाय?’ थैलीत नातवासाठी घेतलेले आंबे होते. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच लागतं, म्हणून थैलीसकट त्यांना अँब्युलन्समधून पाठवलं. त्या बसमध्ये पाण्याचा एक थेंब उरला नव्हता आणि पुढचा सगळा रस्ता ऊन तसंच होतं. फाट्यावर उतरले तेव्हा पाणपोईच्या जागी रिकामी वाळू होती. म्हातारी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला तिथं पुन्हा मांडव घालायचं मी आणि भावानं ठरवलं आहे. कुंभाराला तीन रांजण सांगितले आहेत, खालच्या अंगाला तोटी बसवलेले. करोनानंतर एकाच ओगराळ्याचं पाणी घ्यायला लोक कचरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. झाकणं घट्ट हवीत, रांजण एक दिवसाआड आतून घासायला हवेत. तुराट्या भावाच्या शेतातल्याच. पाण्यासाठी ग्रामपंचायतीशी बोलणं झालं आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी ते टाकी भरून देणार. नळ चार-चार दिवस येत नाही, तेव्हाचं काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. टँकरचा खर्च दोन महिन्यांचा काढला आहे आणि चुलत बहिणी वाटा उचलायला तयार आहेत. दुपारी बारा ते चार तिथं बसायला कुणीतरी माणूस लागेल. तोटी असली तरी माणूस लागेलच, असं भाऊ म्हणतो, आणि मलाही ते पटतं. धावत आलेल्याला ‘बस, दम घे’ म्हणायला कुणीतरी हवंच.